हजेरी आणि हजारी

अंधार आहे, पण भोंगा झालाय. उठावंच लागेल. साल १९२८, गाव सोलापूर. तुम्ही गिरणीत वायंडिंग खात्यात, नळ्या भरायच्या कामाला आहात आणि तुम्हाला सातवा महिना लागलाय.

रात्रीची ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून तुम्ही निघता. थोरली पोर दोन वर्षांची. तिला शेजारच्या म्हातारीकडे टाकायचं आणि जाताना मागं वळून बघायचं नाही. म्हातारी तिला बाळगोळी देते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अफूची ती एवढीशी गोळी पोटात गेली की पोर दिवसभर निजून राहतं. रडत नाही, खायलाही मागत नाही. सहा वर्षांपूर्वी, १९२२ साली, मुंबईत डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तेव्हा ही गोळी सरकारी कागदावर आली. म्हातारीला त्या कागदाची खबर नाही, तुम्हालाही नाही. उशीर झाला तर आजचा रोज गेला, एवढंच तुम्हाला कळतं.

फाटकातून आत गेल्यावर नायकीण, म्हणजे बायकांची मुकादम, तुमच्या पोटाकडं बघते.

"किती दिवस येणार गं अजून?"

"कळा येईस्तोवर."

ती काही बोलत नाही. वहीत खूण करते. झाली तुमची हजेरी. हा शब्द नीट धरून ठेवा, कारण पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांत आपल्याला तोच ठिकठिकाणी भेटणार आहे. वहीत खूण पडली तर तुम्ही कामगार. महिनाअखेर हिशेब होतो तो त्या खुणांचा. गिरणी स्वस्तात धान्य देते तेही त्या खुणांच्या जोरावर. खूण राहिली तर तुम्ही रस्त्यावरून चाललेली एक बाई.

१९२२ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची हद्द घातली आहे. म्हणजे पोटातल्या बाळासकट तुम्ही दहा-दहा तास उभ्या राहता. वाकायचं, तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, पुन्हा सरळ व्हायचं. पाय सुजून पैंजण रुतलेत. हवेत कापसाचं तूस तरंगतंय, ते पापण्यांवर बसतं, भाकरीवर बसतं, नाकातून आत जातं. पलीकडच्या साचेखात्यात, जिथं कापड विणतात, तर हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते, कारण सोलापूरच्या कोरड्या हवेत ताण्याचा धागा पटापट तुटतो. धाग्याला कोणती हवा मानवते याचा विचार झालेला आहे.

तुमचा नवरा कार्डिंगला आहे, जिथं कापूस पिंजला जातो आणि धुरळा सगळ्यात दाट असतो. तो दर सोमवारी तक्रार करतो की छाती आवळल्यासारखी होते, श्वास पुरा आत जात नाही. मंगळवारी, बुधवारी जरा बरं वाटतं. तुम्ही म्हणता, रविवारी आराम केला की अंगात आळस भरतो, त्याचं आहे ते. घरातले सगळेच तसं म्हणतात. खरं तर हा कापसाच्या धुळीचा फुप्फुसाचा आजार आहे. त्याचं वैद्यकीय नाव बिसिनोसिस, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती धरणं ही त्याची ओळखीची खूण. ज्या रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत वर्षानुवर्षं झगडा केला आणि १८९० साली ती मिळवली, त्या सुट्टीनंच हा आजार उघडा पाडला असता. बघणारा डॉक्टर तेवढा हवा होता.

पगार वेळेवर होत नाही. पगार किती दिवसांत झालाच पाहिजे हे सांगणारा कायदा यायला अजून आठ वर्षं आहेत. या महिन्याचं काम आणि हातात पडणारे पैसे यांच्यामधले दिवस सावकार भरून काढतो, आणि त्या दिवसांचं व्याज तुमच्या ताटातून जातं. आधी दूध जातं, मग डाळ, मग तेल. भाकरी शेवटपर्यंत राहते. दवाखान्यात बाई पांढरी पडलेली दिसते, तिची सुरुवात अशी पगाराच्या तारखेत असते.

संध्याकाळी परत येताना तुम्हाला सेटलमेंटची तार दिसते. 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारलेल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलंय. त्यांतलेही कितीतरी जण तुमच्याबरोबर गिरणीत राबतात. तुमच्यासारखाच धागा जोडतात, तुमच्यासारखंच तूस गिळतात. फरक एवढाच की गिरणीतली हजेरी झाल्यावर त्यांना तारेच्या आत आणखी एक हजेरी द्यावी लागते. तुम्हाला हजेरी पगार देते, त्यांना ती कोंडून ठेवते. त्यांच्यावरचा कायदा देशभरातून उठायला १९५२ चा ऑगस्ट उजाडेल. सोलापूरच्या कामगारांच्या आरोग्याबद्दल बोलताना आपण ही तार विसरतो. ती विसरू नये, असं मला फार वाटतं.

तुम्ही रात्री पाय वर करून पडता, तेव्हा तिकडे मुंबईच्या कायदेमंडळात तुमच्या पोटाबद्दल बोलणं चालू आहे. बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ च्या जुलैत पाठिंबा देतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो तर या खर्चातला काही भार त्यानंही उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी कायदा होतो. बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार, आणि त्या दिवसांचे पैसे. सात आठवडे म्हणजे फार नाही. पण कळा येईस्तोवर नळ्या भरणाऱ्या बाईला विचारा.

तुमचं बाळंतपण मात्र १९२८ मध्येच होतं. अकराव्या दिवशी तुम्ही पुन्हा फाटकावर उभ्या असता.

*

चला, जरा भरभर पुढं येऊ. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांविरुद्ध उठाव, गोळीबार आणि मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना फाशी. सोलापूरचा इतिहास सांगणारे बहुतेक इथं थांबतात, आणि थांबावं असंच ते ठिकाण आहे. तुम्ही हात जोडता आणि पुढं निघता, कारण १९३४ साली मजुरीकपातीविरुद्ध गिरण्यांत मोठा संप उभा राहतो. त्याच दशकात विडी वळणाऱ्या बायकाही संघटित होऊ लागतात. त्यांच्यात वावरणारी एक तरुण मुलगी, मीनाक्षी कऱ्हाडकर, पुढं मीनाक्षीताई साने म्हणून ओळखली जाईल. कामाचे तास १९३४ च्याच कारखाना कायद्यानं दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ वर येतात. स्वातंत्र्याच्या तोंडावर ४८ होतात.

१९४९ च्या ऑगस्टअखेर तुम्ही जुन्या मिलच्या फाटकावर येता, तर फाटक बंद. १८७७ पासूनची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जिच्या चिमणीकडं बघून गावाला वेळ कळायची. आत शुकशुकाट, बाहेर हजारो माणसं. हजेरीची वही आत राहिली आणि तुम्ही बाहेर.

यानंतर जे घडतं ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकार वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतं. गैरकारभारानं माल थांबला आणि कामगारांवर बेकारी कोसळली, हे कारण कायद्यातच लिहिलेलं आहे. चरणजितलाल चौधरी नावाचे भागधारक सुप्रीम कोर्टात जातात. देशात इतक्या कंपन्या असताना एकट्या आमच्याच कंपनीसाठी कायदा का, हा समतेचा भंग नाही का, असा त्यांचा सवाल. राज्यघटना नुकतीच, १९५० च्या जानेवारीत, अमलात आलेली. कलम १४ म्हणजे नेमकं काय, याचा कस सोलापूरच्या गिरणीवर लागतो. डिसेंबरमध्ये अर्ज फेटाळला जातो. तीन वर्षांनी द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर निकाल सरकारच्या विरोधात जातो. समतेचा आणि मालमत्तेचा असा दुहेरी धडा देशाला या गिरणीनं दिला. त्यात कामगार पक्षकार नव्हता. त्याच्या फुप्फुसाचा मुद्दा कुणी कोर्टात नेला नव्हता.

तरी ही वर्षं उमेदीची होती, हे मान्य केलं पाहिजे. १९४८ या एका सालात कारखाना कायदा, किमान वेतन कायदा आणि कामगार विमा कायदा असे तीन खांब उभे राहिले. किमान वेतनाच्या पहिल्याच यादीत विडीचं काम होतं. १९५७ च्या जुलैत पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं मजुरीचं माप ठरवलं, आणि ते माप शरीरावरून घेतलेलं होतं. कमावणाऱ्यामागे तीन प्रौढांइतकं खाणं धरायचं, मोठ्या माणसाला रोज सुमारे २,७०० कॅलरी. चौघांच्या घराला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. सरपण, दिवाबत्ती आणि बाकीच्या गरजांसाठी एकूण मजुरीतले २० टक्के. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी २५ टक्के जोडले.

दोनदा वाचावी अशी ती यादी आहे. कापडाचा वार, भाताचा घास, औषधाची बाटली. मजुरी किती द्यायची हा प्रश्न मालकाला काय परवडतं इथून सुरू केलेला नाही, माणसाला जगायला काय लागतं इथून केलाय. आता तुम्ही ते ७२ वार डोक्यात ठेवा आणि चादरीच्या गावात, पूर्वभागातल्या एका गल्लीत या.

*

इथं तुमची भाषा बदलते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दोन्हीची सरमिसळ. तुमचे आजे-पणजे तेलंगणातून विणकाम घेऊन आले. पुरुष मागावर बसले आणि बायकांच्या मांडीवर सूप आलं. सुपात तंबाखू, कात्री, पत्रा, दोऱ्याचं रीळ. तुम्ही विडी वळता.

रात्रीच तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. वाळलेलं पान चिरतं, फार ओलं पान सडतं, तेव्हा पानाचा ओलावा तुमच्या बोटांना झोपेतही कळतो. पहाटे उठून पत्रा ठेवून पानं कातरायची. मग वळायला बसायचं. डाव्या हातात पान, उजव्या हाताची चिमूट तंबाखूत, पसरायचं, गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. एक विडी. अशा हजार. भिंतीला पाठ, मान खाली, एक गुडघा वर. सकाळी आठला बसलेली बाई स्वयंपाकापुरती उठते. पाणी कमी पिते, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. मूतखडा, लघवीची जळजळ, कंबर, मान, डोळे. ही दुखणी गल्लीतल्या कुणालाही विचारा, नावं एकच येतील.

"अक्का, आज पानं लई खराब दिलीत बघ. अर्धी फाटकी."

"मग? घ्यायची बाजारातून पदरच्या पैशानं. हजार कमी भरल्या तर चालतंय का?"

हेच ते कलम, जे कोणत्याही करारात लिहिलेलं नसतं. पानं वजनावर मिळतात, विड्या मोजून द्याव्या लागतात. पान खराब निघालं तर तूट तुमची. कारखान्यात तपासनीस विड्या बघतो आणि ज्या नापसंत त्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीत गेलेल्या विडीची मजुरी नाही. हजाराचा कागदावरचा दर तोच राहतो आणि घरी येणारे पैसे मात्र कमी होतात.

आणि आता शीर्षकातला दुसरा शब्द. गिरणीत तुमची मोजदाद हजेरीनं होत होती, इथं हजारीनं होते, दर हजार विड्यांना अमुक. दोन्हींत एका अक्षराचा फरक, पण त्या अक्षरात कामगार कायद्याचं अख्खं शतक अडकलंय. हजेरी तास मोजते. तास मोजता आले म्हणून ते ११ चे १०, १० चे ९ करता आले, बाळंतपणाचे आठवडे देता आले, आठवड्याची सुट्टी घेता आली. हजारीला घड्याळ नाही. ताप आला तर हजार व्हायला बारा तास लागतील, एवढंच. पोर शाळेतून आली की दप्तर टाकून दोरा बांधायला बसते, कारण तिच्या बोटांनी दोनशे विड्या लवकर होतात. ती कुठल्याच वहीत नसते. तिची मजुरी तुमच्या हजारात मिसळून जाते, आणि तिच्या नाकात जाणारी तंबाखू तिच्या एकटीची.

ही तंबाखू नुसती धूळ म्हणून जात नाही. विडी ओढणाऱ्याच्या शरीरात निकोटिनचं जे कोटिनीन होतं, ते विडी कामगारांच्या लघवीत मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांना वाढलेलं सापडलं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात एक विडी ओठाला लावली नाही तिच्या अंगात ते असतं. एकाच खोलीत चूल, पाळणा आणि सूप. कारखान्याच्या भिंतीला खिडकी किती मोठी हवी हे कायदा सांगतो. ही भिंत तुमच्या घराची आहे.

कायद्यानं प्रयत्नच केला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यानं घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. मालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये विड्यांवर उपकर लावून कल्याण निधी उभा राहिला आणि त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत असं सुरू झालं. भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा तोच वाद. घरी बसलेली बाई आमची नोकर कशी? आम्ही तर तिला बघितलेलंही नाही. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विडी स्वीकारायची की छाटायची हे जो ठरवतो, त्याचा त्या कामावर ताबा आहे, म्हणून ती त्याची कामगार आहे. जी छाट इतकी वर्षं तुमच्या मजुरीला कात्री लावत होती, तीच तुम्ही कामगार असल्याचा पुरावा ठरली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. कोर्टानं घराच्या उंबऱ्याच्या आत बघितलं.

पण दर निकालाबरोबर काम फाटकापासून आणखी लांब गेलं. कायदा कारखान्याला लागू झाला की काम घरी, घराला लागू झाला की मधे ठेकेदार. तुमच्याकडं ओळखपत्र असेल तर तुम्ही निधीत, नसेल तर त्याच ओट्यावर बसून तेवढ्याच विड्या वळून तुम्ही कुणीच नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. त्या दवाखान्यांना पैसा पुरवणारा विडीशी जोडलेला धागाच तुटला. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये केलेला १७७ क्रमांकाचा करार भारतानं अजून स्वीकारलेला नाही.

एक चांगली गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. सोलापूरजवळच्या कुंभारीला चला. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेनं उभारलेली दहा हजार घरांची वसाहत, वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. मीनाक्षीताई सान्यांच्या नावाचीही वसाहत इथं आहे. जवळच रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यांतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. घर नावावर झालेली बाई पाहुण्याला आधी संडास दाखवते, मग नळ. तिला कळतं की आजार कुठून येत होता. उठायची लाज आणि उठायची भीती गेली की ती पाणी प्यायला लागते.

*

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत रात्रपाळीला यंत्रमागांचा खडखडाट ऐका. दोन माणसं बोलतात ती ओठ बघून. फार वर्षं माग चालवलेला माणूस घरी टीव्ही मोठ्यानं लावतो आणि बायको त्याच्यावर खेकसते, कारण बहिरेपण हळूहळू येतं आणि येताना सांगत नाही. पाळी बारा-बारा तासांची असते. १९३४ चा कायदा इथं येऊन थक्क होईल.

१९४८ च्या कायद्यानं विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर तो कारखाना ठरवला. तेव्हापासून यंत्रमागांच्या धंद्यात एकाच छपराखाली दोन-तीन नावांची दुकानं दिसू लागली, प्रत्येकात आठ किंवा नऊ. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. १९६६ चा विडी कायदाही त्यांत विरघळला. नव्या संहितेत कारखाना ठरायला विजेसह वीस कामगार लागतात. याच संहितांनी चाळिशीपुढच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचा हक्क दिला, तो चांगलाच आहे. पण तपासणीला बोलवायचं कुणाला, याची यादी हजेरीपटावरूनच निघते.

त्याआधी सहा महिने, १८ मे २०२५ ला, याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जण गेले. त्यांत मालकाचं कुटुंब होतं, एक तान्हं मूल होतं, आणि कामगार होते. राहायचं आणि राबायचं ठिकाण एकच असलं की धूर माणसामाणसांत फरक करत नाही.

*

शेवटचा थांबा. आजचा दिवस. तुम्ही साठीच्या आहात आणि पूर्वभागातल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसलाय. सकाळी पेन्शनच्या कामाला गेला होता. मशीनवर अंगठा ठेवला, उमटला नाही. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दुसरं बोट ठेवलं. चाळीस वर्षं तेंदूच्या पानावरून फिरून रेषा झिजल्यात. ज्या बोटांनी काम केलं ती बोटं तुमची ओळख पटवायला तयार नाहीत.

दम लागतो म्हणून दवाखान्यात आलात. खिडकीवरचा मुलगा केसपेपर भरतोय. नाव, वय, पत्ता.

"काम काय करता, मावशी?"

"काय नाही बाळा. घरीच असते."

तो लिहितो, गृहिणी.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. खरंच घरी असता. आत डॉक्टर छाती तपासतील, औषध देतील, आणि तुमचा दम गावातल्या इतर म्हाताऱ्यांच्या दम्यात मिसळून जाईल. कुणी कधी मोजायला बसलं तर विडी कामगारांचे आजार कमी भरतील, कारण आजारी पडलेल्या बायका कागदावर विडी कामगार नव्हत्याच.

१७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरनं कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं आपल्या धंदेबंधूंना सांगितलं की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारत जा, तू काम काय करतोस? पुढं आपल्या कारखाना कायद्यानंही डॉक्टरांवर एक जबाबदारी टाकली. यादीतला व्यवसायजन्य आजार दिसला तर त्यांनी कारखाना निरीक्षकाला कळवायचं. कापसाच्या धुळीचा आजार त्या यादीत होता. १९२८ मध्ये दर सोमवारी छाती धरून बसणाऱ्या माणसाला कुणी हे विचारलं असतं तर!

सोलापूरच्या दवाखान्यांत बसणाऱ्या डॉक्टरांनो, परिचारिकांनो, केसपेपर भरणाऱ्या मुलांनो, तुम्हाला एवढीच विनंती आहे. "घरीच असते" असं उत्तर आलं की थांबा. तिच्या उजव्या हाताची बोटं बघा, नखाशेजारचा पिवळा डाग बघा, आणि विचारा, "मावशी, दिवसाला किती विड्या होतात?" ती आकडा सांगेल. मग त्या रकान्यात विडी कामगार असं लिहा, आणि पुढं किती वर्षं तेही लिहा.